दादांना टाकीत कोणी पाठवलं

वसईत द्राक्षं होत नाहीत, असं आम्हाला सगळ्यांनी सांगितलं होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, कृषी खात्यातल्या साहेबांनी सांगितलं, नाशिकहून रोपं घेऊन आलेल्या टेम्पोवाल्यानं तर रोपं उतरवता उतरवता सांगितलं. सगळे बरोबर होते. इथली हवा ओली, खाडी हाकेच्या अंतरावर, आणि पाऊस एकदा आला की घरजावयासारखा मुक्काम ठोकतो. पण माझ्या नवऱ्याच्या डोक्यात काही शिरलं की ब्रह्मदेव आला तरी ते निघत नाही. वालीवच्या एका औषधांच्या कारखान्यात तो बरीच वर्षं केमिस्ट होता. लोकांच्या खोकल्याची औषधं ढवळून कंटाळला आणि म्हणाला, आता स्वतःचं काहीतरी ढवळतो.

मी फुलपाड्याची. बिल्डिंगमध्ये वाढलेली. लग्नाआधी माझ्या ओळखीची वेल म्हणजे गॅलरीतला मनीप्लांट, आणि तोही आईच्या हातून दरवर्षी मरायचा. लग्न होऊन या खाडीकाठच्या गावात आले तेव्हा सासरी एक घर आणि दोन चुली होत्या. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला मोठे दीर आणि जाऊबाई. दिरांना सगळं गाव दादा म्हणायचं, मीही म्हणायला लागले. सासरे लवकर गेले, सासूबाई त्यांच्या मागोमाग. माझा नवरा दादांपेक्षा बराच लहान, त्यामुळे त्याला दादा-वहिनींनीच वाढवला. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. जाऊबाईंना माझ्या नवऱ्याचं कौतुक इतकं, की तो टक्कल पडायच्या वयाला आला तरी त्या त्याला ‘पोरगा’च म्हणायच्या.

हे सगळं सांगायचं कारण असं की दादा आमच्या वायनरीच्या टाकीत गेले. द्राक्षांनी भाऊ खाल्ला, असं गाव म्हणतं. माझा नवरा तोंडानं काही म्हणत नाही, पण मनातल्या मनात तो रोज तेच म्हणतो.

आमच्या वाडीत पूर्वी पानवेली होत्या, विड्याच्या पानांच्या. पानांचा धंदा बसला, मग केळी, भाजी, मोगरा असं करत वाडी चालली होती. नवरा म्हणाला, वेल ती वेल, पानाची काय आणि द्राक्षाची काय. त्यानं बेंगलोर पर्पल नावाची काळी, जाड सालीची जात आणली. दमट हवेत त्यातल्या त्यात ती तग धरते. दादांना हे पसंत नव्हतं. द्राक्षाला त्यांची ना नव्हती, पण त्यातून पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या लेखी वाइन, ताडी, देशी, सगळी एकच दारू. दोघं भाऊ ओट्यावर बसून एक अख्खी दुपार बोलले. शेवटी दादांनी निकाल दिला. "मांडवापर्यंत माझं. शेडमध्ये काय कराल ते तुमचं तुम्ही."

आणि तसंच वागले. मांडव त्यांनी बांधला. वेली बांधायला नवऱ्यानं प्लास्टिकच्या क्लिपा आणल्या होत्या, त्या त्यांनी डब्यात ठेवून दिल्या आणि पानवेलीसारखं केळीच्या ओल्या सोपटानं बांधलं. पहिल्याच वर्षी केवडा आला. नाव ऐकून कोणाला वाटेल फुलाबद्दल बोलतेय, पण केवडा हा द्राक्षाचा रोग. पानांवर तेलकट डाग पडतात, मग घड सुकून गळतात. नवरा डोक्याला हात लावून बसला, आणि दादा पाठीवर पंप घेऊन मोरचुदाचं पाणी फवारत फिरले. पाऊस संपला की छाटणी तेच करायचे, घड विरळ तेच करायचे. पण घड भरलेले क्रेट शेडच्या दाराशी ठेवून मागे फिरायचे. दारातून आत पाऊल नाही. आतून नवरा हाक मारायचा, "दादा, बघ तरी." दादा म्हणायचे, "वास येतोय तेवढा पुरे."

आमच्या वाडीतली द्राक्षं पुरायची नाहीत. बाकीची नाशिककडून टेम्पोनं यायची, आणि मग आठवडाभर घरात कोणी माणसासारखं जेवायचं नाही. द्राक्षं चिरडायची, रस आणि सालं एकत्र टाकीत सोडायची, यीस्ट घालायचं. मग टाकीत आपोआप उकळी फुटते. यीस्ट साखर खातं, दारू करतं आणि वायू सोडतं. वायू हवेपेक्षा जड. आठ-दहा दिवसांनी वाइन खालच्या नळानं दुसरीकडे काढून घेतली तरी तळाशी सालींचा चोथा राहतो, आणि चोथ्यावर तो वायू बसून राहतो. तो दिसत नाही. त्यात उतरलेला माणूस दोन श्वासांत खाली बसतो, ओरडायलाही सापडत नाही. हे नवऱ्याला पक्कं माहीत होतं. आमची टाकी एका बंद पडलेल्या डेअरीतून घेतलेली, दुधाची. तिला खालून दार नव्हतं, फक्त वर झाकण. चोथा काढायचा तर शिडी लावून आत उतरायलाच हवं. म्हणून त्याचा नियम होता: वाइन काढली की झाकण उघडं टाकायचं, पंखा लावून एक दिवस हवा मारायची, मग तो स्वतः वायू मोजायचा मीटर आत सोडून बघणार आणि मगच कोणी उतरणार. आमच्याकडे दोन कामगार होते. दोघांना त्यानं हे इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्याची पाठ वळली की ते त्याची नक्कल करायचे.

आता दादांचं एक सांगायला हवं. विहिरीतला वायू या पंचक्रोशीत त्यांच्याइतका कोणाला कळत नव्हता. उन्हाळ्यात विहिरींचा गाळ काढतात. जुन्या, न वापरलेल्या विहिरीत माणूस उतरायच्या आधी आमच्याकडे पेटता कंदील दोरीनं खाली सोडतात. ज्योत टिकली तर उतरायचं. विझली तर झाडाच्या फांद्या खालीवर हलवून, पाणी ओतून हवा खेळवायची आणि परत कंदील सोडायचा. दादा हे काम आसपासच्या गावांत जाऊन करायचे. एकदा कोणी उतावळा गडी कंदील वर यायच्या आधीच दोराला लोंबकळला, तेव्हा दादांनी त्याला सगळ्यांसमोर कानफटवला होता. शांत माणूस, पण त्या बाबतीत देवाचंही ऐकायचे नाहीत.

त्या दिवशी सकाळी नवरा पालघरला निघाला. उत्पादन शुल्क खात्याच्या कचेरीत काम होतं, आणि तिथे लवकर नंबर लावला नाही तर दिवस गेलाच समजा. आदल्या संध्याकाळी वाइन काढून झाली होती, झाकण उघडं होतं. कामगारांना त्यानं फोन करून बजावलं, "पंखा लावा. मी येईपर्यंत टाकीला हात लावायचा नाही." दादांना त्यानं काही सांगितलं नाही. दादांना कशाला सांगेल? जो माणूस शेडच्या दारात उभा राहत नाही, त्याला टाकीत उतरू नका म्हणून कोण सांगतं?

मी पोळ्या करत होते. कामगार आले आणि त्यातला एक ओरडत स्वयंपाकघरापर्यंत धावत आला. मी तवा तसाच टाकून पळाले. शिडीच्या पायथ्याशी दादांच्या चपला होत्या, शेजारी शेजारी ठेवलेल्या. फरशीवर ओली पावलं होती. ते पाय धुऊन चढले होते. वरून डोकावलं तर आत, चोथ्यात, ते कुशीवर पडलेले. फावडं हातात नव्हतं, घासायचा ब्रश होता. दुसरा कामगार आत सोडलेल्या शिडीवर पाय टाकत होता, त्याचा शर्ट मी असा खेचला की बटणं तुटली. "एक मेलाय तेवढा पुरे," असं मी ओरडले. ते वाक्य माझ्या तोंडून गेलं तेव्हा जाऊबाई मागे उभ्या होत्या. मोगऱ्याची परडी त्यांच्या हातात होती. अग्निशमन दलाची माणसं येऊन तोंडाला नळ्या लावून आत उतरेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. मोगरा मात्र खाली पडू दिला नाही.

पोलिसांनी पहिल्याच दिवशी विचारलं, टाकीत उतरायला कोणी सांगितलं? साहेब तरुण होते, इकडचेच असावेत, कारण कंदिलाचं त्यांना माहीत होतं. ते म्हणाले, "ज्याला विहिरीतला वायू कळतो तो माणूस आपण होऊन असा उतरेल? कोणीतरी सांगितलं असणार, काही होत नाही म्हणून." प्रश्न रास्त होता, तोच त्रास होता. कामगार म्हणाले, आम्ही आलो तेव्हा ते आत होते. मी म्हटलं, मी पोळ्या करत होते. जाऊबाई म्हणाल्या, "मला ठाऊक नाय. मी फुलं तोडत होते." नवरा म्हणाला, "मी सांगितलं नाही." मग थांबून म्हणाला, "पण उतरू नको, असंही सांगितलं नाही." साहेबांनी पेन थांबवलं आणि त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. चौकशी होऊन शेवटी अपघात ठरला. कागदावर तो प्रश्न मिटला. गावात मिटला नाही. तेराव्याला जेवायला बसलेले लोकसुद्धा हळू आवाजात तेच विचारत होते, आणि उत्तर त्यांच्यापाशी तयार होतं. भावाची कामं भावानंच सांगितली असणार.

नवऱ्यानं त्या टाकीतून काढलेली वाइन विकली नाही. त्या वाइनला काही झालं नव्हतं, ती आदल्या दिवशीच बाहेर आली होती. मी हे बोलून बघितलं, त्यानं ऐकलं नाही. नळ सोडून दिला. बागेच्या कडेची मोरी कितीतरी दिवस लाल होती आणि गावातली कुत्री तिकडे फिरकत नव्हती. मग तो परत वालीवला नोकरीला लागला, दुसऱ्या एका कारखान्यात, पुन्हा औषधं. मांडवाखालून जायला लागू नये म्हणून तो शेजाऱ्यांच्या वाडीतून वळसा घालून रस्त्याला लागतो.

वायनरी मी चालवायला घेतली. का घेतली, हे मला लोक विचारतात, आणि मी परवान्याचं, कामगारांचं काहीबाही सांगते. खरं म्हणजे मला राग आला होता. कोणावर काढायचा ते ठरेना, म्हणून कामावर काढला. पुस्तकं वाचली, नाशिकला जाऊन छाटणी शिकले, केवडा आणि भुरी हे दोन रोग पानावर वेगवेगळे ओळखायला शिकले. ती टाकी भंगारात दिली आणि खालून दार असलेली आणली. शेडमध्ये मी जेलर आहे. कामगार माझी नक्कल करतात की नाही माहीत नाही, केली तरी लपूनच करत असतील. समुद्रकाठच्या कळंबचे कॉटेजवाले म्हणतात, मॅडम, जरा गोड करा, पाहुण्यांना गोड आवडतं. त्यांना मी म्हणते, मग सरबत द्या.

घरात मात्र कशाचाच ताबा माझ्याकडे नव्हता. जाऊबाई पूर्वीसारख्याच होत्या. पूर्वीसारखीच वाटीभर भाजी त्यांच्या चुलीवरून आमच्याकडे यायची, ‘पोरग्याला’ म्हणून. नवरा ती वाटी समोर घेऊन बसायचा आणि त्याचा घास तोंडातच फिरायचा. दादांबद्दल त्या अवाक्षर बोलत नव्हत्या. दोष देत नव्हत्या, तुझा दोष नाही असंही म्हणत नव्हत्या. नवरा त्याचीच वाट बघत होता. रोज कामावरून आला की त्यांच्या ओट्याकडे बघायचा, त्या काही बोलतायत का म्हणून. एकदा मला म्हणाला, "शिवी दिली तरी चालेल गं. काहीतरी बोलायला हवं तिनं." तो अर्धा झाला होता. रविवारी दुपारी नुसता भिंतीकडे तोंड करून पडायचा. मला भीती वाटायची. कशाची ते मी इथेही लिहिणार नाही.

दुसऱ्या हंगामात जाऊबाई आपण होऊन मांडवात आल्या. कात्री मागितली. त्या मिठागराच्या गावच्या, शेतीकामाला वाघीण. आम्ही दोघी पहाटे घड कापायचो, ऊन चढायच्या आत. बोलणं कामापुरतं. अशाच एका सकाळी, माझ्याकडे न बघता, घड क्रेटमध्ये ठेवता ठेवता त्या म्हणाल्या,

"बाय, त्यांना मीच पाठवलं."

मला समजलं, तरी मी विचारलं, "कुठे?"

"टाकीत." त्यांनी पुढचा घड कापला. "कोनी दुसऱ्यानं नाय सांगितलं. मी सकाळी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, इतकी वर्सं भावाच्या दारात पाय नाय ठेवला तुम्ही. पोरगा एकटा मरतोय कामानं, पालघरहून येईल आनि परत त्या टाकीत उतरेल. आता दारू तर काढून झाली. दारू नाय तिथं आता, भांडं आहे नुसतं. दुधाचं भांडं. तेवढं घासून द्या. तो आला की बघेल, त्याला किती बरं वाटेल."

मी कात्री खाली ठेवली. त्या थांबल्या नाहीत.

"त्यांनी ऐकून घेतलं. मग उठले. म्हनाले, कंदील कुठाय? मी हसले, बाय. हसले मी. म्हटलं, विहिरीत चाललात काय? भांडं घासायला कंदील कशाला लागतो? मग तेपन हसले. पाय धुतले आनि गेले."

त्यांचा चेहरा कोरडा होता. मीच रडत होते, आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या कामात खोळंबा करतेय. मग म्हणाल्या, "तू सांग त्याला. मला नाय जमायचं. तो सुकत चाललाय, मला दिसतं."

मी संध्याकाळी सांगितलं. तो कामावरून येऊन चहा पीत होता. एकही शब्द इकडचा तिकडे न करता सांगितलं, कंदिलाचंही सांगितलं. मला वाटलं, आता हा मोकळा होईल, रडेल, ओरडेल, वहिनीवर चिडेल. चिडला असता तरी मला चाललं असतं. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "ती मला वाचवतेय."

मी म्हटलं, "असं कोणी रचून सांगतं का?"

"ती सांगते. लहानपणी कौल मी फोडायचो आणि ती दादाला म्हणायची, माझ्या हातून फुटलं. दादाचा मार मला बसू नये म्हणून. पोलिसांना म्हणाली ठाऊक नाही, आणि आता आठवलं? माझी हालत बघितली आणि आठवलं." मग तो जरा हसला, ते मला बघवलं नाही. "आयुष्यभर तेच करतेय बिचारी."

मी त्याच्याशी वाद घातला. खूप घातला, माझा स्वभावच तसा आहे. शपथा घातल्या, पाय धुतल्याच्या ओल्या पावलांची आठवण करून दिली, हातातल्या ब्रशची करून दिली. तो म्हणाला, ते तिनंही बघितलं होतं. इतकं बारीक खोटं कोणी बोलत नाही, असं मला अजूनही वाटतं. पण जाऊबाईंचं त्याच्यावर किती प्रेम आहे तेही मी रोज बघते, आणि मग मलाही खात्री राहत नाही.

दुसऱ्या दिवशी मांडवात त्यांनी विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हनाला?"

मी म्हटलं, "रडला."

"हलका झाला?"

मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, पदरानं कपाळ पुसलं आणि क्रेट उचलून शेडकडे निघाल्या. बरं झालं, एवढंच म्हणाल्या. आता त्यांना वाटतं, दादांच्या मरणाचं सगळं ओझं त्यांच्या एकटीवर आहे आणि पोरगा सुटला. नवऱ्याला वाटतं, ते सगळं त्याच्या एकट्यावर आहे आणि वहिनी निदान त्याला माफ करायला बघतेय. अजून रोज वाटीभर भाजी येते. मी ती त्याच्या ताटात वाढते.